डाव्या बाजूचा ब्रेक

"उजव्या पायातली चप्पल काढ," फडतरेबाई म्हणाल्या.

मी काढली. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत बाई कवायत शिकवायच्या. त्यांच्या आवाजावर हजारो मुलींनी हात वर केले होते आणि पाय जुळवले होते, तिथं मी कशाला कारण विचारतेय. संध्याकाळचे पावणेसहा झाले होते. कोषागाराच्या आवारात गाडी उभी होती, जंगमकाका अजून कचेरीतून बाहेर यायचे होते आणि मागच्या सीटवर मुल्लासर गाडी सुरू व्हायच्या आधीच झोपी गेले होते. बाईंनी मला पुढच्या डाव्या सीटवर बसवलं होतं. ती सीट त्यांची. सात महिन्यांत मी तिला कधी टेकलेसुद्धा नव्हते.

"आता सतरंजीखाली पायानं चाचपून बघ."

सतरंजीच्या तुकड्याखाली काहीतरी टणक लागलं. दाबलं तर जरा खाली गेलं आणि परत वर आलं.

"हा ब्रेक. उद्यापासून पंधरा दिवस तुझ्याकडं. काकांना यातलं काही माहीत नाही. ते तसंच राहिलं पाहिजे."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. भूमी अभिलेख कार्यालयात नवीन कारकून. उतारावर सायकलवरून खाली उतरून ती हातात धरून चालणारी मुलगी मी. बाईंनी खिडकीतून कोषागाराच्या दाराकडं नजर ठेवून मला थोडक्यात सगळं सांगितलं.

वाईहून साताऱ्याला रोज आम्ही चौघं एका गाडीनं जायचो. गाडी काकांची. कोषागारात आयुष्य गेलेला हा सरळ माणूस; लग्न करायचं राहून गेलं होतं, घरी म्हातारी आई. ही पांढरी जुनी गाडी त्यांनी नऊ वर्षांपूर्वी वाईतल्या एका बंद पडलेल्या मोटार ट्रेनिंग स्कूलकडून घेतली होती. शिकवणाऱ्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. तो या गाडीला तसाच राहिला होता, बाईंना तो पहिल्या आठवड्यातच पायाला लागला होता, आणि काकांनी सतरंजी उचलून कधी बघितलंच नव्हतं. नऊ वर्षं गाडीचा ब्रेक बाईच लावत होत्या.

"म्हणजे काका ब्रेक लावतच नाहीत?"

"देवळं किती आहेत वाटेत, मोजलीस कधी?" बाई म्हणाल्या. "आणि प्रत्येकाला ते हात कसे जोडतात?"

वाईतून निघून पाचवडला मोठ्या रस्त्याला लागेपर्यंतच इतकी देवळं होती की काकांचे हात स्टिअरिंगवर कमी आणि छातीशी जास्त असायचे. एकेका देवाला ते दोन्ही हात सोडून, मान झुकवून, डोळे मिटून नमस्कार करायचे. समोर म्हैस आली की गाडी आपोआप हळू व्हायची, आणि काका डोळे उघडून कौतुकानं म्हणायचे की माझी गाडी फार समजूतदार आहे. मी सात महिने हे ऐकत होते. मला वाटायचं, हा भक्तीचा भाग असेल.

आता उलगडा झाला की बाई गाडीत कधीच डुलकी का घेत नसत, कुणी काही विचारलं तर मान न वळवता का उत्तर देत आणि बसल्याबरोबर एकच चप्पल का काढून ठेवत. मुल्लासर मात्र निर्धास्त. ते टंकलेखनाचा वर्ग चालवायचे. झोपेतसुद्धा त्यांची दहाही बोटं मांडीवर टायपिंग करत असायची आणि ओळ संपली की यंत्राचा रूळ सरकवायला डावा हात उठून माझ्या अंगावर आपटायचा. मध्येच एकदा डोळे न उघडता "पाचवड आलं का" विचारायचे, आलं म्हटलं तरी झोपायचे, नाही म्हटलं तरी झोपायचे.

बाईंना मुलीच्या बाळंतपणासाठी फलटणला जायचं होतं; काका त्याच रात्री त्यांना याच गाडीनं सोडणार आणि पंधरा दिवसांनी आणणार होते. त्या मला म्हणाल्या, "एकतीस मार्चला काका निवृत्त होतायत. महिनाच राहिलाय. इतकी वर्षं गाडी मीच सांभाळत होते हे आता शेवटी शेवटी त्यांना कळलं, तर त्या माणसाचं मन मोडेल. त्यांच्यासाठी एवढं कर."

मी होकार दिला. खरं सांगायचं तर मला काकांच्या मनापेक्षा बाईंचीच काळजी जास्त वाटत होती. काका निवृत्त झाले की गाडी बंद होणार, आणि गाडी बंद झाली की बाईंची नोकरी बंद होणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मी आणि मुल्लासर एसटीनं गेलो असतो. बाई एसटीत बसत नसत, रिक्षात नाही, कुणाच्या मोटारीतही नाही. पसरणी घाटात जीप कलंडून त्यांचे यजमान गेले, तेव्हा बाई त्यांच्या शेजारी बसलेल्या होत्या. गेली नऊ वर्षं या एका गाडीशिवाय त्या कशातही चढल्या नव्हत्या. त्यांची पाच वर्षं नोकरी उरली होती.

काकांनी निवृत्तीनंतरही न्यायला-आणायला हरकत नव्हती असं कुणालाही वाटेल. मी एकदा तसं बोलून बघितलं होतं. काका म्हणाले, नोकरी संपली की फेरी संपली. ज्याला साताऱ्यात काही काम नाही अशा बिनलग्नाच्या माणसानं एका विधवा बाईला रोज गाडीतून न्यायचं म्हणजे वाई काय म्हणेल. कारण पाहिजे, शैला, कारण. कोषागारात कारणाशिवाय त्यांनी टाचणीसुद्धा कुणाला दिली नव्हती.

तर दुसऱ्या दिवशी मी पुढं बसले. चप्पल काढली, पाय सतरंजीवर ठेवला आणि वाईतल्या गंगापुरीपासून पाचवडपर्यंत श्वास घेतला नाही. पहिल्या देवळाला काकांचे हात सुटले आणि माझा पाय दणकन खाली गेला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. समोर काहीच नव्हतं. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला एक कोंबडी माती उकरत होती.

काकांनी कोंबडीकडं बघितलं, मग समोरच्या काचेकडं बघितलं. "आज जरा जपूनच चाललीय," ते म्हणाले आणि पुन्हा निघाले.

त्या दिवशी मी गाडी एकतीस वेळा थांबवली. कुत्र्यासाठी, सायकलवाल्यासाठी, रस्त्यावरून उडत गेलेल्या कागदासाठी. लिंब खिंडीत उसाची ट्रॉली लांब पुढं दिसली तेव्हापासून मी ब्रेकवर पाय ठेवला, तो ट्रॉली दुसऱ्या रस्त्याला वळेपर्यंत काढलाच नाही. मागून ट्रकवाले आम्हांला काय काय बोलत गेले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आम्ही चाळीस मिनिटं उशिरा पोचलो. मुल्लासरांचा हात त्या दिवशी माझ्याऐवजी मोकळ्या सीटवर आपटत होता, आणि उतरताना ते म्हणाले की आज झोपेत पान फार वेळा अडकलं.

काका एका शब्दानं रागावले नाहीत.

माणूस कशालाही सरावतो. चौथ्या दिवशी भीती गेली आणि तिच्या जागी भलतंच काहीतरी आलं. माझ्या लक्षात आलं की गाडी मी चालवतेय. काका नुसते हॉर्न वाजवतात आणि नमस्कार करतात. कधी थांबायचं, कधी हळू जायचं, हे माझा पाय ठरवतो. कचेरीत मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसून नकाशांच्या नकला काढणारी पोर, पण त्या आठवड्यात हेडक्लार्कनं काही सांगितलं की मी त्याच्याकडं अशी बघायचे की तो बिचारा शर्टाची बटणं तपासायचा.

पाचव्या दिवशी येताना उकडत होतं. आनेवाडीच्या अलीकडं एक रसवंती होती. मी नुसतं करून बघावं म्हणून पाय हळूच दाबला. गाडी अलगद रसवंतीसमोर थांबली.

"हिला रस प्यायचाय वाटतं," काका म्हणाले.

आम्ही रस प्यालो. मुल्लासर फक्त त्याच्यासाठी जागे झाले, दोन ग्लास प्याले आणि पुन्हा झोपले. त्यानंतर रोज संध्याकाळी गाडी तिथं थांबायला लागली. मला हसू आवरत नसे. घरी आईला मी सांगितलं की माझ्यावर एक मोठी जबाबदारी आहे पण मला ती सांगता येत नाही. आई म्हणाली, लग्न ठरवून आली असशील तर आत्ताच सांग.

नवव्या दिवशी सकाळी पाचवडच्या जरा पुढं काकांना रस्त्याकडेला मेथी दिसली. त्यांनी चढावर गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि हँडब्रेक न ओढता उतरून गेले. त्यांच्या आईला मेथी लागायची. ते जुड्या उलटसुलट करून बघत होते आणि मी ऐटीत बसले होते. तेवढ्यात बाहेरचं बाभळीचं झाड पुढं सरकलं.

झाडं सरकत नाहीत हे कळायला मला जरा वेळ लागला. गाडी मागं निघाली होती. मी ब्रेक दाबला. गाडी मागं जातच राहिली. मी दोन्ही पायांनी दाबला, सीटवरून उठून त्याच्यावर उभी राहिले. ते पेडल तळाला जाऊन बसलं आणि गाडीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. मागून एसटी येत होती. मी ओरडले का नाही ते मला आठवत नाही.

मागच्या सीटवरून एक हात पुढं आला, त्यानं दोन सीटांमधला हँडब्रेक कर्रकन ओढला आणि परत मागं गेला. गाडी थांबली. एसटी हॉर्न देत बाजूनं निघून गेली.

"सर," मी म्हटलं, "ब्रेक लागत नाहीये."

"कुठला?" मुल्लासरांनी डोळे मिटूनच विचारलं.

"हा, माझा."

"तो कधी लागत होता?" ते म्हणाले. "तू ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते. पण थांबताना क्लच दाबावा लागतो, नाहीतर इंजिन बंद पडतं. तो कोण दाबतं असं वाटलं तुला? मी झोपतो म्हणजे मला दिसत नाही असं नाही."

मी सतरंजी उचलली. पेडलच्या दांडीला एक स्प्रिंग लावलेली होती, दाबलं की परत वर यावं म्हणून. त्याच्या पलीकडं काही नव्हतं. दांडी जिथं पुढं जायला पाहिजे होती तिथं ती कापलेली होती, आणि कापलेल्या टोकाला लागू नये म्हणून कुणीतरी व्यवस्थित चिंधी बांधली होती.

काका मेथी घेऊन आले तेव्हा सतरंजी माझ्या हातात होती. त्यांनी ती बघितली. मेथी मागं मुल्लासरांच्या मांडीवर ठेवली, गाडीत बसले, आणि गाडी सुरू न करता हातरुमालानं बोटांची माती पुसत राहिले.

मी विचारायच्या आधीच ते बोलले. यजमान गेल्यावर बाई सात महिने घरात बसून होत्या. शाळेतून पत्र आलं, दुसरं आलं, तिसरं आलं तर नोकरीच जाणार होती. शेजारधर्म म्हणून काका एकदा त्यांना रिक्षानं न्यायला गेले. बाई रिक्षात बसल्या आणि त्यांनी उजवा पाय खालच्या पत्र्यात असा रोवला की गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत पायात गोळा आला. काकांनी विचारलं, काय करताय. बाई म्हणाल्या, ब्रेक दाबतेय. त्या दिवशी जीपमध्येही दाबला होता, पण माझ्या बाजूला नव्हता.

"मग मी ही गाडी शोधली," काका म्हणाले. "दोन ब्रेकवाली."

"पण मग तो कापला कशाला?"

"घरगुती वापरासाठी पासिंग करायला नेली तर आरटीओवाले म्हणाले दुसरा ब्रेक काढावा लागेल. नियम आहे. मिस्त्री सगळंच काढत होता. मी म्हटलं, पेडल तेवढं राहू दे."

"आणि बाई दाबतात तेव्हा गाडी थांबते ती?"

"मी थांबवतो. त्यांचा पाय हलला की माझा हलतो. आता सवयच झालीय, वेगळं बघावं लागत नाही."

"देवळांसमोर तर तुम्ही डोळे मिटता."

"अर्धवट," काका जरा ओशाळून म्हणाले. "पूर्ण मिटले तर त्यांचा पाय कसा दिसेल? पण मी रस्त्याकडं बघतोय असं दिसलं, तर त्यांना काम काय उरलं? त्यांनी दिवसभर समोर बघत राहावं, घाबरायला वेळच मिळू नये, एवढंच होतं डोक्यात."

मला कोंबडी आठवली, रस आठवला, कचेरीतली माझी ऐट आठवली. कुठं तोंड लपवू असं झालं. मी विचारलं, माझ्यासाठीही तुम्ही थांबत होता का. काका म्हणाले, कोंबडीसाठी थांबायचं काही कारण नव्हतं, पण म्हटलं पोरीनं एवढ्या जोरानं दाबलाय तर थांबावं.

मग त्यांनी गाडी सुरू केली आणि मला शपथ घातली. बाईंना कळता कामा नये. आपल्यामुळं सगळी माणसं रोज सुखरूप पोचतात, या एका समजुतीवर ती बाई नऊ वर्षं गाडीत चढतेय. ती समजूत मोडली तर त्या उद्यापासून दाराबाहेर पडणार नाहीत.

आता माझ्यावर दोन शपथा होत्या, एकमेकींच्या अगदी उलट. काकांना कळू द्यायचं नाही ही बाईंची, आणि बाईंना कळू द्यायचं नाही ही काकांची. उरलेले दिवस मी प्रामाणिकपणे तो तुटका ब्रेक दाबत राहिले आणि काका प्रामाणिकपणे थांबत राहिले. न दाबावा तर काकांना बरं वाटेना, ते म्हणायचे, दाब गं, मला सवय आहे. फक्त रसवंतीपाशी मी पाय आवरून बसायचे. पहिल्या दिवशी काकांनी दहा पावलं पुढं जाऊन स्वतःच गाडी थांबवली आणि म्हणाले की सवय वाईट.

बाई परत आल्या. नात झाली होती. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, सांभाळलंस ना, काही बोलले का काका. मी म्हटलं, गाडी नीट चालली, काकांना काही कळलं नाही. खोटं बोलताना माझे कान तापले. बाईंनी माझी पाठ थोपटली, त्यानं आणखी तापले. मला त्यांची दया येत होती. निवृत्तीला बारा-तेरा दिवस उरले होते आणि त्यानंतर या बाईचं काय होणार ते मला आता नीटच ठाऊक होतं. ब्रेक तर तुटका होताच, पण तो दाबल्यावर थांबणारा माणूसही जाणार होता.

एकतीस मार्चला काकांचा निरोप समारंभ झाला. हार, शाल, श्रीफळ, आणि भिंतीवरचं घड्याळ. संध्याकाळी आम्ही परत निघालो. लिंब खिंड गेली, रसवंती गेली, देवळं आली तशी काकांनी हात जोडले, बाईंचा पाय हलला, गाडी हळू झाली. मी मागून दोघांचे पाय बघत होते आणि मला रडू येत होतं.

वाई दिसायला लागल्यावर बाईंनी पर्समधून एक कागद काढून समोर काचेपाशी ठेवला.

"उद्यापासून गाडी मी चालवणार," त्या म्हणाल्या. "तुमची आहे, म्हणून विचारतेय."

काकांनी गाडी कडेला घेऊन कागद वाचला. शिकाऊ परवाना होता. फलटणला नातीला तेल लावून, न्हाऊ घालून झालं की बाई दुपारी मोटार शिकायला जात होत्या. तिथला शिकवणारा म्हणे वैतागला होता. ही बाई संकट यायच्या आधीच ब्रेक लावते.

काकांनी कागद उलटा केला, सुलटा केला. कोषागारात बिल तपासायचे तसा पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"हा शिकाऊ आहे," ते म्हणाले. "यावर एकट्यानं चालवता येत नाही. शेजारी पक्का परवाना असलेला माणूस बसवावा लागतो."

"माझ्याकडं नाही," मुल्लासर झोपेतून म्हणाले.

मीही नाही म्हटलं.

"मग मला यावं लागेल," काका म्हणाले. "नियमच आहे."

मी त्यांच्याकडं मागून बघत होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीचा निरोप घेऊन आलेला माणूस दिसत नव्हता तो. गळ्यातला हार त्यांनी तेव्हा कुठं काढला.

एक एप्रिलला काका इस्त्रीचा शर्ट घालून, जेवणाचा डबा घेऊन दारात उभे होते. गाडीच्या पुढं आणि मागं त्यांनी स्वतः तांबड्या रंगात एल काढला होता. ते डाव्या सीटवर बसले आणि चक्क मांडी घातली. पाय खाली सोडायलाच नको, ते माझ्या कानात म्हणाले, चुकून दाबला गेला आणि काहीच झालं नाही तर बाईंना कळेल.

बाई चालवत होत्या. पाठ ताठ, नजर समोर. पहिल्या देवळाला काकांनी हात जोडले आणि डोळे पूर्ण मिटले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना नीट नमस्कार करायला मिळत होता. पाचवडला एक बैलगाडी मध्ये आली, बाईंनी सावकाश ब्रेक लावला, गाडी थांबली. मुल्लासरांची बोटं मांडीवर चालूच राहिली. आम्ही वेळेवर पोचलो. काका कोषागाराकडं वळले, मग थांबले, आणि नगरवाचनालयाकडं निघून गेले. संध्याकाळपर्यंत त्यांना साताऱ्यात काहीच काम नव्हतं.

शाळेच्या फाटकाशी मी बाईंना गाठलं. माझ्याच्यानं राहवेना. ज्या बाईला गाडी चालवता येते तिला आता सांगायला काय हरकत आहे, असं मी मनाशी ठरवलं होतं. काकांची शपथ मोडून मी एका दमात सगळं सांगून टाकलं, कापलेली दांडी, चिंधी आणि क्लच.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मैदानावर मुलींची रांग लागत होती, तिकडं त्यांचं लक्ष होतं.

"मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर मुलींच्या रांगा बघत आलेय. कोण स्वतः पाय टाकतं आणि कोण दुसऱ्याचा बघून टाकतं, ते मला दिसणार नाही होय? माझा पाय आधी, त्यांचा मागून. रोज."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तोवर माझी भीती बरीच कमी झाली होती. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, छान झालं, आता आरामात मागं बसा."

मी विचारलं की मग मला पंधरा दिवस त्या सीटवर कशाला बसवलं, मी किती घाबरले होते, किती ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या.

"पंधरा दिवस कुणी काही दाबलं नसतं, तर त्या माणसाला करमलं नसतं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि मैदानावर गेल्या.

मे महिन्यात बाईंनी पक्क्या परवान्याची परीक्षा दिली. त्या पास झाल्या हे मला माहीत होतं, कारण मी त्यांच्याबरोबर गेले होते. परत येताना मी नखानं काचेवरचा एल खरवडायला लागले. बाईंनी माझा हात धरला.

"राहू दे तो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका डबा घेऊन दारात होते. बाई पास झाल्या का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि बाईंनीही सांगितलं नाही. निघण्यापूर्वी काकांनी फडक्यानं काच पुसली. एलच्या भोवतीनं पुसली, जपून, रंगाला धक्का लागणार नाही अशी. मग डावीकडचं दार उघडून आत बसले, मांडी घातली आणि म्हणाले, चला.

पुढची पाच वर्षं, बाई निवृत्त होईपर्यंत, वाईहून साताऱ्याला आणि साताऱ्याहून वाईला आमची गाडी तशीच गेली. उन्हानं एल फिका पडला की काका तो नव्यानं रंगवायचे. एकदा लिंब खिंडीत वाहतूक पोलिसानं गाडी अडवून विचारलं की या बाई किती वर्षं शिकतायत. काका म्हणाले, अजून जरा कच्च्या आहेत, शेजारी माणूस लागतोच.